जुने मार्गनकाशे आणि प्रवाशांची नकाशापुस्तके: संग्रह कसा उभारावा

भिंतीवर टांगण्यासाठी काढलेला नकाशा आणि वाटेत उलगडण्यासाठी काढलेला नकाशा यांचे आयुष्य सारखे नसते. पहिला वर्षानुवर्षे एका जागी राहतो. दुसरा खोगिराच्या पिशवीत, कोटाच्या खिशात किंवा गाडीच्या बाकावर पडून हिंडतो, पावसात भिजतो, शेकडो वेळा उलगडला जातो आणि नवी आवृत्ती निघाली की टाकून दिला जातो. त्यामुळे जे मार्गनकाशे त्यांच्या काळात सर्रास विकले गेले, तेही आज चांगल्या स्थितीत क्वचितच हाती लागतात. या संग्रहाची गोडी आणि त्यातली अडचण दोन्ही इथूनच सुरू होतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नकाशा विकत घेण्याआधी तो वाचायला शिकावे. शीर्षकाच्या चौकटीवरून, रंगावरून किंवा जुनाट दिसण्यावरून घेतलेला नकाशा पुष्कळदा पुढे मनाला लागून राहतो. वाचून घेतलेला नकाशा साधा असला तरी संग्रहात आपली जागा धरून राहतो.

आधी क्षेत्र ठरवावे

वाटांचे नकाशे फार पूर्वीपासून निघत आले आहेत. रोमन साम्राज्यातील रस्ते दाखवणारा पॉइटिंगर नकाशा व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ती मूळ रोमन नकाशाची मध्ययुगात केलेली प्रत असून तिची लांबी सुमारे ६.७५ मीटर आणि उंची अवघी ३४ सेंटिमीटर आहे. एवढ्या अरुंद पट्टीत सारे साम्राज्य बसवण्यासाठी समुद्र आणि देश दाबून चपटे केलेले आहेत, कारण प्रवाशाला देशाचा आकार नव्हे, तर पुढचा मुक्काम आणि तिथपर्यंतचे अंतर हवे होते. १५०० साली, रोमच्या पवित्र वर्षासाठी निघालेल्या यात्रेकरूंकरिता, न्यूरेंबर्गच्या एर्हार्ड एट्सलाउब याने लाकडी ठशावरून छापलेल्या नकाशात दक्षिण दिशा वर ठेवली आणि रस्ते ठिपक्यांनी दाखवले. दोन ठिपक्यांमधले अंतर एक जर्मन मैल होते. या वस्तू सामान्य संग्राहकाला मिळण्यासारख्या नाहीत. तरी त्यांच्या चांगल्या छापील प्रतिकृती पाहून ठेवाव्यात, कारण पट्टीसारखी मांडणी आणि ठिपक्यांनी मोजलेले अंतर या दोन्ही कल्पना पुढच्या शतकांत पुन्हा पुन्हा भेटतात.

छापील मार्गनकाशांचा सर्वांत समृद्ध आणि आजही मिळू शकणारा वारसा ब्रिटनचा आहे. क्रिस्टोफर सॅक्सटनच्या १५७९ च्या प्रसिद्ध नकाशापुस्तकात नद्या, गावे, वने आहेत, पण रस्ते नाहीत, हे ऐकून नवखा संग्राहक चकित होतो. रस्त्याची माहिती तेव्हा कोष्टकांतून मिळत असे. जॉन नॉर्डनने १६२५ साली गावागावांमधली अंतरे दाखवणारी त्रिकोणी कोष्टके प्रसिद्ध केली. आजच्या रस्त्यांच्या पुस्तकांच्या शेवटी असणारे अंतरांचे कोष्टक त्याच घाटाचे असते. १६३५ मध्ये याकोब व्हान लांगेरेनने अशा कोष्टकांच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढे नकाशे कोरले आणि १६४३ च्या आवृत्तीत ते मोठे करण्यात आले. त्यामुळे नकाशाच्या आकारावरूनच ही आवृत्ती ओळखू येते.

खरे वळण १६७५ साली आले. जॉन ओगिल्बीच्या ‘ब्रिटानिया’ या भव्य पुस्तकात १०० ताम्रपटांवर, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर (पुढे नुसते ‘पट’), ७३ मार्ग, एका मैलाला एक इंच या प्रमाणात, कागदाच्या उलगडत्या गुंडाळीसारख्या पट्ट्यांवर काढलेले आहेत. अंतर मोजण्यासाठी रस्त्यावरून चाक ढकलत नेले जाई आणि मैल १७६० यार्डांचा धरला गेला. हे पुस्तक वजनाने एवढे मोठे होते की ते खिशात घालून कोणी प्रवासाला निघणे शक्य नव्हते. ती उणीव १७१९ आणि १७२० या दोन वर्षांत तीन पुस्तकांनी भरून काढली. टॉमस गार्डनर आणि जॉन सेनेक्स यांची लहान आकाराची पुस्तके १७१९ मध्ये निघाली, तर इमॅन्युएल बोवेन व जॉन ओवेन यांचे ‘ब्रिटानिया डिपिक्टा’ १७२० मध्ये. या तिसऱ्या पुस्तकात रस्त्याच्या पट्ट्यांभोवती गावांचा इतिहास आणि घराण्यांची चिन्हे दाटीने कोरलेली आहेत. त्याच्या आवृत्त्या पुढे चाळीसहून अधिक वर्षे निघत राहिल्या, त्यामुळे सुट्या पानांपासून सुरुवात करणाऱ्याला मी हेच पुस्तक सुचवतो.

त्यानंतरचा विस्तार मोठा आहे. जॉर्ज टेलर आणि अँड्र्यू स्किनर यांनी १७७६ मध्ये स्कॉटलंडच्या रस्त्यांचे ६१ पट प्रसिद्ध केले. डॅनिएल पॅटरसनचे मार्गपुस्तक १७७१ मध्ये आणि जॉन केरीचे १७९८ मध्ये निघाले. केरीने त्याआधी ब्रिटिश टपाल खात्यासाठी १७९४ पासून हजारो मैल रस्ते मोजून घेतले होते. जेम्स रेनेलने बंगाल आणि बिहारच्या रस्त्यांचे वर्णन १७७८ मध्ये छापले. अमेरिकेत ख्रिस्तोफर कोल्सने १७८९ मध्ये पट्ट्यांच्या पद्धतीने रस्त्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध करायला घेतले, पण वर्गणीदार न मिळाल्यामुळे ते काम अर्धवट राहिले आणि आज त्याची पाने अतिशय दुर्मीळ आहेत. जपानमध्ये १६९० साली तोकाइदो मार्गाचा घडीचा चित्रनकाशा लाकडी ठशांवरून छापला गेला. त्यातली माणसे, खानावळी आणि ओझी वाहणारे हमाल हिशिकावा मोरोनोबूने रेखाटलेले आहेत, आणि एवढी चित्रमय वस्तू असूनही मोजमाप १:१२,००० या प्रमाणाचे आहे. पुढे सायकलस्वारांचे नकाशे आले आणि मग मोटारींचे. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने आपली मार्गदर्शिका १९०० मध्ये आणि फ्रान्सचे १:२,००,००० प्रमाणाचे घडीचे नकाशे १९१० पासून काढले. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर फुकट वाटलेल्या नकाशांचे युग त्याच सुमारास सुरू झाले.

हे सगळे गोळा करू पाहणाऱ्याचा संग्रह विखुरतो. माझ्या मते नव्या संग्राहकासाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकच रस्ता धरावा आणि तो रस्ता वेगवेगळ्या काळांच्या नकाशांत शोधत जावा. उदाहरण म्हणून लंडन ते होलीहेड (वेल्सच्या अँगलसी बेटाकडचे बंदर) हा रस्ता घ्या. ओगिल्बीच्या पट्टीवर ही वाट चेस्टरवरून वेल्समध्ये शिरते आणि अँगलसी बेटावर जाण्यासाठी प्रवाशाला होडीने सामुद्रधुनी ओलांडावी लागते. अभियंता टॉमस टेलफर्डने १८१५ पासून हा रस्ता श्रूसबरीच्या बाजूने नव्याने बांधला, १८२६ मध्ये मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल खुला झाला आणि नंतरच्या नकाशांतून होडीची जागा पुलाने घेतली. १९२० च्या दशकात रस्त्यांना क्रमांक मिळाले तेव्हा याच मार्गाला ए ५ हा क्रमांक आला. चार-पाच नकाशे शेजारी ठेवले की एका वाटेचे अडीचशे वर्षांचे आयुष्य टेबलावर दिसते. महागड्या पण एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस पानांतून हे साधत नाही. रस्ता आपल्या आवडीचा कोणताही असू शकतो. त्याचे किमान तीन काळांतले नकाशे उपलब्ध आहेत ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

एक पान नीट वाचावे

बाजारात उतरण्यापूर्वी एखादे पान डिजिटल संग्रहात मोठे करून तासभर पाहावे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड रम्सी नकाशासंग्रहाने असंख्य जुन्या नकाशांच्या अतिशय स्पष्ट प्रती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

ओगिल्बीचे पान उघडले की प्रथम डोळ्यांचा गोंधळ उडतो, कारण वाचन डाव्या कोपऱ्यात खालून सुरू होते. पहिली पट्टी खालून वर वाचायची, ती संपली की उजवीकडच्या पट्टीच्या तळाशी यायचे आणि पुन्हा वर चढायचे. रस्ता जवळजवळ सरळ उभा दाखवलेला असतो, प्रत्यक्षात तो वळत असला तरी. वळण कळते ते पट्टीवरच्या दिशाचक्रावरून. प्रत्येक पट्टीवर ते वेगळे फिरलेले असते. पहिल्या पट्टीवर उत्तर दिशा वर आणि तिसऱ्या पट्टीवर ती डावीकडे असेल, तर प्रवासी मध्ये उजवीकडे वळला आहे असे समजावे. रस्त्याच्या दोन्ही कडा अखंड रेषांनी काढल्या असतील तर दोहो बाजूंना कुंपण आहे, आणि त्या तुटक असतील तर रस्ता उघड्या रानातून जातो. टेकडी सरळ काढलेली असली तर चढ असतो. तीच टेकडी उलटी, शिखर खाली करून, काढलेली दिसली तर ती छपाईतली चूक नसून उतार असतो. हे मला कळले त्या दिवशी संपूर्ण पट्टी माझ्यासाठी चालू लागली. त्यापूर्वी मी उलट्या टेकड्यांकडे कोरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणून पाहत होतो.

रस्त्यालगत मैलांचे आकडे क्रमाने येतात. बाजूने फुटणाऱ्या फाट्यांवर ते कुठे जातात हे लिहिलेले असते. पवनचक्क्या, पूल, चर्चचे मनोरे, झाडी अशा वाटेवरून दिसणाऱ्या खुणा नोंदवलेल्या असतात, आणि जे प्रवाशाला दिसणार नाही ते सहसा गाळलेले असते. पान वाचताना एक प्रश्न सतत विचारावा: हा नकाशा कोणाच्या वेगासाठी केलेला आहे? घोडेस्वाराच्या नकाशात ओढा ओलांडण्याची जागा महत्त्वाची असते, घोडागाडीच्या नकाशात घोडे बदलण्याची ठिकाणे आणि पथकर नाके, सायकलस्वाराच्या नकाशात चढ, तर मोटारीच्या नकाशात रस्त्याचा पृष्ठभाग आणि पेट्रोल मिळण्याची सोय. या प्रश्नाचे उत्तर पानावर सापडले की नकाशाचा काळ आणि त्याचा ग्राहक दोन्ही निम्म्याहून अधिक कळतात.

भिंग, उजेड आणि कागद

साधने मोजकीच लागतात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक झोताची विजेरी, मऊ फूटपट्टी आणि स्वच्छ कोरडे हात. हातमोज्यांचा आग्रह मी धरत नाही. पातळ कागदाची कड मोज्यातून जाणवत नाही आणि तो फाटण्याची भीती वाढते. हात साबणाने धुऊन नीट कोरडे करणे पुरेसे असते.

सतराव्या व अठराव्या शतकातील बहुतेक मार्गनकाशे ताम्रपटावर कोरून छापलेले आहेत. दाबयंत्रात ओला कागद आणि पट एकत्र दाबले जात, त्यामुळे पटाच्या कडेची खोलगट चौकट कागदावर उमटे. विजेरी कागदाला जवळजवळ समांतर धरली की ती चौकट सावलीच्या रूपाने दिसते. भिंगाखाली कोरीव रेषा टोकाकडे निमुळती होत जाते आणि शाई कागदावर किंचित उंचवटा धरते. लाकडी ठशाच्या रेषेच्या कडा जाडसर व काहीशा दबलेल्या असतात. शिळाछापाची रेषा सपाट असते आणि तिला पटाची चौकट नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस शोध लागलेली ही पद्धत नकाशांसाठी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. भिंगाखाली रेषेच्या जागी ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ते पान छायाचित्रावरून छापलेली प्रतिकृती आहे, मग कागद कितीही पिवळा असो. ओगिल्बीच्या पट्ट्यांच्या अशा प्रतिकृती विसाव्या शतकात पुष्कळ छापल्या गेल्या. त्या पाहायला छान असतात, पण त्या मूळ म्हणून विकल्या जाऊ नयेत.

कागद उजेडासमोर धरावा. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूर दूरच्या आडव्या रेषा दिसतात. एकसारख्या पोताचा, रेषा नसलेला कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात निघाला आणि १८०० च्या आसपास सर्वत्र पसरला. म्हणून अशा गुळगुळीत पोताच्या कागदावरचे पान कोणी १६७५ चे म्हणून दाखवले तर सौदा तिथेच थांबवावा. याच्या उलट, तारांच्या रेषा दिसल्या म्हणजे पान जुनेच असे मात्र समजू नये, कारण तसा कागद आजही बनतो.

जलचिन्हात वर्ष असेल तर ते फार उपयोगी पडते. १७९४ च्या एका ब्रिटिश कायद्याने निर्यातीच्या करसवलतीसाठी कागदावर वर्षाचे चिन्ह घालणे गरजेचे केले, आणि त्यानंतरच्या अनेक कागदांवर कारखानदाराच्या नावाबरोबर वर्ष दिसते. ते वर्ष छपाईचे नसून साच्याचे असते. छपाई त्याच वर्षी किंवा पुढच्या काही वर्षांत झाली असे धरता येते, आधी मात्र कधीच नाही.

तारीख ठरवण्याची कसोटी

पटाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि तारीख असते. कोरीवकाम करणाऱ्यांच्या हक्कांसाठीचा ब्रिटिश कायदा १७३५ मध्ये लागू झाला, आणि तेव्हापासून ही ओळ नियमित दिसू लागते. नवखे लोक तिच्यावर पूर्ण विसंबतात आणि तिथेच फसतात. ताम्रपट महाग असे. तो पन्नास-पन्नास वर्षे वापरला जाई, एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकला जाई, आणि नवा मालक कधी नाव बदले, कधी जुनी तारीख तशीच ठेवी. केरीचे पट पुढे जॉर्ज क्रचलीकडे गेले आणि त्याने १८४० नंतर त्यांवर रेल्वेमार्ग चढवून ते नव्याने विकले. त्यामुळे मूळ कोरीवकाम अठराव्या शतकाच्या अखेरचे आणि छपाई रेल्वेच्या काळातली, असे पान सहज हाती येते.

म्हणून पट केव्हा कोरला आणि हे पान केव्हा छापले, हे दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावेत. दुसऱ्याचे उत्तर पानावरच्या बदलांत सापडते. पटावर दुरुस्ती करताना जुनी रेषा घासून सपाट केली जाई आणि नवी कोरली जाई. भिंगाखाली तिथे फिकट सावली राहिलेली दिसते. उशिराच्या छपाईत पट झिजलेला असल्याने रेषा करड्या आणि अशक्त दिसतात, विशेषतः टेकड्यांच्या बारीक छटांमध्ये. मग भूगोलाचा आधार घ्यावा. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली आणि लंडन ते बर्मिंगहॅम १८३८ मध्ये पूर्ण झाली; यांपैकी एक असून दुसरी नसेल तर छपाईचा काळ बराच आवळता येतो. एखादी गोष्ट नकाशावर असणे हा सबळ पुरावा असतो, नसणे मात्र दुबळा, कारण प्रकाशक आळस करू शकतो आणि काही वेळा बांधायचे ठरलेले पण न बांधलेले रस्तेही आगाऊ दाखवले जात.

मोटारीच्या काळातील नकाशांवर बहुधा वर्ष नसतेच, कारण जुने वर्ष दिसले की ग्राहक पाठ फिरवी. अशा वेळी रस्त्यांचे क्रमांक कामाला येतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९१८ मध्ये रस्त्यांना क्रमांक दिले आणि देशव्यापी क्रमांक १९२६ मध्ये आले. ब्रिटनमध्ये हे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले. तिथला पहिला मोटारमार्ग १९५८ मध्ये खुला झाला. नकाशाच्या कोपऱ्यात छापखान्याचे आकडे-अक्षरांचे सांकेतिक चिन्ह असले तर ते जसेच्या तसे उतरवून ठेवावे. त्याच मालिकेतले दोन-चार नकाशे जमले की संकेत उलगडू लागतो.

पाने मोजणे

पूर्ण नकाशापुस्तक घेताना बांधणीचे कौतुक नंतर करावे, आधी पाने मोजावीत. ओगिल्बीचे १०० पट, टेलर-स्किनरचे ६१, ‘ब्रिटानिया डिपिक्टा’ची रस्त्यांची २७३ पृष्ठे अशा संख्या हाताशी ठेवून एकेक पान उलटावे. यादीत नमूद असलेला संपूर्ण देशाचा सर्वसाधारण नकाशा पुष्कळदा फाडून नेलेला असतो, कारण तो चौकटीत शोभतो. पान आतल्या कडेला ब्लेडने कापले असेल तर शिवणीपाशी सरळ, स्वच्छ धारेची चिंचोळी पट्टी उरते. मग दुसऱ्या प्रतीतले पान इथे घातलेले नाही ना हे पाहावे. त्याचा आकार किंचित लहान असतो, डाग शेजारच्या पानाशी जुळत नाहीत आणि किड्याने पाडलेले छिद्र त्या पानाशी येऊन अचानक थांबते. किडा पान ओलांडून उडी मारत नाही, हा साक्षीदार फार भरवशाचा आहे.

ज्या पुस्तकाचे दोन-चार पट हरवले आहेत ते फोडून सुटी पाने विकण्याची प्रथा व्यापारात जुनी आहे, आणि आपल्या हाती येणारी बहुतेक सुटी पाने अशीच आलेली असतात. ती घेण्यात दोष नाही. पण पूर्ण पुस्तक हाती असताना ते फोडू नये, आणि आपल्यासाठी कोणी फोडायला निघाले तर त्याला नकार द्यावा, असे मला मनापासून वाटते. फुटलेले पुस्तक पुन्हा जुळत नाही.

वापराच्या खुणा आणि नंतरची ढवळाढवळ

माझ्या संग्रहात कापडावर डकवलेला, पेटीत बसणारा एक घडीचा नकाशा आहे. अशा नकाशाचे कागदाचे तुकडे करून ते बारीक फटी सोडून कापडावर डकवत, म्हणजे घडी कागदावर न पडता कापडावर पडे. त्यातल्या एका मार्गावर कोणीतरी तपकिरी झालेल्या शाईने प्रत्येक मुक्कामाजवळ दिनांक लिहिले आहेत, आणि एका घाटापाशी दोन दिनांक लागोपाठ आहेत. तिथे त्याला एक दिवस थांबावे लागले असणार. विकणाऱ्याने त्या लिखाणाचा उल्लेख दोष म्हणून केला होता. माझ्या दृष्टीने तोच त्या नकाशाचा प्राण आहे.

घडीवरची झीज, अंगठ्याच्या जागी पडलेला मळ, मार्गावर ओढलेली पेन्सिलची रेघ या खुणा मार्गनकाशात स्वाभाविक आहेत आणि त्या पुसू नयेत. दोष वेगळे असतात: छपाईच्या भागातले कागद उडालेले तुकडे, घडीच्या चौकात पडलेली भोके, छाटलेला समास, ओलीची वाढती बुरशी, चिकटपट्टीचे तपकिरी डाग, आणि हे सारे झाकण्यासाठी मागून लावलेला नवा कागद. सुरुवातीच्या काळात मी काचेच्या चौकटीत बसवलेली एक पट्टी घेतली होती. घरी आणून चौकट उघडली तेव्हा समास पटाच्या चौकटीच्या आतपर्यंत छाटलेला आणि पान पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेले निघाले. तेव्हापासून चौकटीतून बाहेर काढून दाखवल्याशिवाय मी पान घेत नाही, आणि इतरांनीही घेऊ नये.

रंगाबद्दल विशेष सावध राहावे. जुन्या रस्त्यांच्या पुस्तकांच्या बहुतेक प्रती बिनरंगी विकल्या गेल्या. आज दिसणारी रंगीत पाने बरीचशी अलीकडे विक्रीसाठी रंगवलेली आहेत. जुना हिरवा रंग तांब्याच्या क्षारापासून बनत असे आणि तो हळूहळू कागद खातो. पान उलटे केल्यावर हिरव्या भागांच्या मागे तपकिरी छाया उमटलेली दिसली तर रंग जुना असण्याची शक्यता मोठी असते. रंग घडीच्या भेगेत उतरला असेल, किंवा डागाच्या वर बसला असेल, तर तो नंतरचा.

विकत घेताना

नकाशांचे जाणते विक्रेते, लिलाव आणि जुन्या पुस्तकांची दुकाने असे तीन मार्ग असतात. पहिली काही पाने जाणत्या विक्रेत्याकडून घ्यावीत, किंमत थोडी अधिक पडली तरी चालेल, कारण तो पान हातात देऊन शिकवतो आणि लेखी हमी देतो. लिलावात उतरताना आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहावी आणि तीत लिलावगृहाचे शुल्क, कर व वाहतूक धरावी. लांबून खरेदी करताना मागच्या बाजूचे आणि उजेडासमोर धरलेल्या पानाचे छायाचित्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ झाली तर तेवढे कारण नकारासाठी पुरेसे आहे.

पान कुठून आले हे विचारण्यात संकोच धरू नये. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात जमिनीवर पडलेले एक छोटे ब्लेड कर्मचाऱ्याला दिसले आणि त्यातून नकाशांचा एक नामवंत विक्रेता पकडला गेला. त्याने पुढे वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. तेव्हा पानावर ग्रंथालयाच्या शिक्क्याची खरवडलेली जागा, रसायनाने फिकट केलेला गोल किंवा कोपऱ्यातला पुसलेला क्रमांक दिसला, तर समाधानकारक कागदपत्र मिळेपर्यंत व्यवहार करू नये. ग्रंथालये जादा प्रती रीतसर काढून टाकतात हे खरे, पण तेव्हा तसा शिक्का मारलेला असतो.

जपणूक

पाने आडवी ठेवावीत. सुटी पाने आम्लविरहित कागदाच्या घडीत किंवा स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात, आणि ती सपाट खणात किंवा पेटीत ठेवावीत. पीव्हीसीचे पाकीट वापरू नये, कारण त्यातून निघणारे घटक शाई आणि कागद बिघडवतात. हवेतील दमटपणा ४० ते ५० टक्के आणि तापमान २० अंशांच्या आसपास स्थिर राहिले तर उत्तम. दमट हवेत कसर आणि बुरशी दोन्ही येतात, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि महिन्यातून एकदा प्रत्येक खण उघडून पाहावा. प्रदर्शनात ठेवलेल्या पानावर उजेड ५० लक्सच्या आत असावा. हाताने रंगवलेले पान काही महिन्यांनी काढून अंधारात विसावू द्यावे.

घडीचा नकाशा कायमचा उलगडून ठेवावा की घडीतच, यावर मतभेद आहेत. कापडावर डकवलेला असेल तर तो घडीतच राहावा, कारण तसे राहण्यासाठीच तो बनला आहे. नुसत्या कागदाचा, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडाच्या लगद्याचा ठिसूळ कागद असेल, तर तो एकदा सावकाश उलगडून सपाट ठेवावा आणि त्याची मूळ पाकिटे किंवा आवरण शेजारी जपावे. आवरणावर किंमत, जाहिरात आणि प्रकाशकाची यादी असते. ती टाकली तर तारखेचा निम्मा पुरावा जातो.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये. दुरुस्ती जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ यांनी होते. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, आणि हीच तिची थोरवी. एखादी लहान चीर जाणत्याकडून शिकून घरी जोडता येईल, पण पान धुणे, डाग काढणे किंवा जुने कापड सोडवणे ही कामे प्रशिक्षित संवर्धकाकडेच सोपवावीत.

नोंदवही

प्रत्येक पान घरी आले त्याच दिवशी त्याची नोंद करावी, कारण आठवण फार लवकर फसवते. शीर्षक जसे छापले आहे तसे, पटाचे माप पटाच्या चौकटीपासून चौकटीपर्यंत मिलिमीटरमध्ये, कागदाचे माप वेगळे, प्रकाशकाची ओळ अक्षरशः, जलचिन्ह, मागची बाजू, रंग, दुरुस्त्या, कोणाकडून व केव्हा घेतले आणि विक्रेत्याचे पत्र, इतके लिहावे. त्यानंतर आवृत्ती ठरवण्यासाठी जे पुरावे पाहिले ते लिहावेत आणि निष्कर्ष शेवटी लिहावा, म्हणजे पुढे नवा पुरावा मिळाला तर निष्कर्ष बदलता येतो आणि निरीक्षण तसेच राहते. पुढचे आणि मागचे छायाचित्र नोंदीसोबत ठेवावे; चोरी झाली तर ओळख पटवण्याचे तेच साधन असते.

क्रमांक पानावर घालायचा असेल तर मऊ टू-बी पेन्सिलने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, छपाईच्या मागे येणार नाही अशा जागी, पान टणक सपाट पृष्ठभागावर ठेवून हलक्या हाताने लिहावा. जिथे पूर्वीच्या कोणा संग्राहकाचा क्रमांक असेल तिथे तो न पुसता त्याच्या शेजारी आपला लिहावा, आणि त्याचा क्रमांकही नोंदवहीत उतरवून ठेवावा.